दोन आसनांच्या दोन गाड्या

२००४ च्या दसऱ्याला सकाळी आमच्या जुन्या गाडीचा डावा दिवा झेंडूच्या हारात अडकून बंद पडला. गाडी लाल, जपानी बनावटीची, दोन आसनांची, उघड्या टपाची. तिचे पुढचे दिवे बॉनेटमध्ये झाकलेले असत. बटण दाबलं की झाकणासकट वर येत. त्या सकाळी उजवा वर आला. डावा निम्मा आला, थांबला, आतून घरघर झाली आणि जळका वास सुटला.

दुसऱ्या दिवशी त्याच गाडीची परीक्षा होती. ती ठेवायची की विकायची, हे परीक्षेत ठरणार होतं. पुण्याचे एक गृहस्थ तिसऱ्या दिवशी तिला न्यायला येणार होते.

घरात माणसं तीन: मी, नवरा आणि सासूबाई. घर मखमलाबादला, घरामागे सासूबाईंचा फुलांचा मळा. नवऱ्याचं अंबडला यंत्रांचे सुटे भाग बनवायचं छोटं वर्कशॉप होतं. मी शहरातल्या एका दैनिकात उपसंपादक होते.

जुनी गाडी १९९६ मध्ये घरी आली. जपानातली नोकरी संपवून नाशिकला परतलेल्या एका इंजिनिअरने ती सोबत आणली होती. त्यांना पुन्हा परदेशी जायचं ठरलं आणि त्यांनी ती आम्हाला विकली. घेतली नवऱ्याने, चालवली मी. पहिल्या आठवड्यातच तसं ठरून गेलं. नवरा उंच आहे. टप लावला की त्याचं डोकं कापडाला टेकायचं. मला ती मापाने शिवल्यासारखी बसली. गिअरची दांडी इतकी आखूड की नुसत्या मनगटाने गिअर पडायचा. दाराची कडी एका बोटाएवढी. टप बसल्या जागेवरून हाताने मागे ढकलता यायचा. गंगापूर रोडला मी पहिल्यांदा टप उघडून तिसरा गिअर टाकला तेव्हा मोठ्याने ओरडले होते. शेजारून चाललेल्या रिक्षावाल्याने विचारलं, "ताई, ब्रेक लागत नाही का?"

सासूबाईंचा मात्र गाडीवर पहिल्या दिवसापासून आक्षेप होता. त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, आत डोकावल्या आणि लेकाला म्हणाल्या, "जागा दोनच. म्हातारी कुठं बसायची? बॉनेटवर?"

"आई, मागे डिकी आहे ना."

"डिकीत तू बस. लहानपणी कणगीत लपायचास, सवय हाय तुला."

तेवढ्यात मी दिवे लावले. दोन्ही झाकणं टपकन वर आली. सासूबाई एक पाऊल मागे सरल्या, मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "गाडी हाय का बेडूक?" त्या दिवसापासून घरात गाडीचं नाव बेडूक पडलं.

जागेचा प्रश्न सुटला तो असा. दुसऱ्या आसनावर सासूबाई बसू लागल्या. सकाळी मी त्यांना फूलबाजारात सोडायची आणि तिथून कचेरीत जायची. नवरा स्कूटरने मागून यायचा. लग्नकार्याला, देवदर्शनाला, डॉक्टरकडे, सगळीकडे हीच व्यवस्था. त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावर एकदा वाहतूक पोलिसाने गाडी थांबवली. कागद बघितले, मग सासूबाईंकडे बघितलं. काळा चष्मा, डोक्यावरून पदर, मांडीवर शेवंतीची टोपली. त्याने काहीच विचारलं नाही.

दसऱ्याची पूजाही ठरून गेली होती. आधी मी दिवे उघडायची. सासूबाई दोन्ही काचांना हळदकुंकू लावायच्या. मग हार, मग नारळ, मग चाकाखालचं लिंबू. "डोळे मिटलेल्या देवाला कोण हार घालतं?" असं त्या म्हणायच्या. हा क्रम आठ वर्षं कधी चुकला नाही.

२००४ मध्ये श्रावण संपता संपता नवऱ्याने दुसरी गाडी आणली. कंपनी तीच, मॉडेल तेच, पिढी पुढची. मुंबई बंदरात उतरलेली, रुपेरी रंगाची. ही त्याच्या उंचीला बसत होती. मागची काच खरीच काच होती. जुनीची प्लॅस्टिकची, चेन लावून उघडायची आणि तोवर लिंबासारखी पिवळी पडलेली. डिकी खोल होती. जुनीच्या डिकीत स्टेपनी आणि बॅटरीच बसायची, वर फुलांचं एकच क्रेट मावायचं. नवीत दोन मावली. इंजिन मोठं होतं, ताकद जास्त होती. आणि तिचे दिवे पुढे पक्के बसवलेले होते. उघडझाप नाही.

पोर्च एका गाडीचं होतं. नवी पोर्चमध्ये गेली, जुनी अंगणात ताडपत्रीखाली. गणपतीत झालेल्या पावसात तिच्या कापडी टपातून पाणी झिरपून आसनावर आलं. नवरा म्हणाला, अशी उघड्यावर ती दुसरा पावसाळा काढणार नाही. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. मळ्यात एक पत्र्याची शेड होती, पण तिथे तोडलेली फुलं सावलीला पसरत आणि वजन होत असे. नवऱ्याने आईकडे शेड मागून बघितली होती.

"फुलं उन्हात ठेवू आन बेडूक सावलीत?" सासूबाईंनी विचारलं. तो विषय तिथे संपला.

मग पुण्याच्या गृहस्थांचा फोन आला. नवऱ्याने त्यांना येण्याचा दिवस दिला. मी जेवणाच्या ताटावरून उठले. नंतर त्याने तोडगा काढला: दोन्ही गाड्या पेठ गावापर्यंत न्यायच्या. वाटेतला सावळघाट दोघींनीही चढायचा. जी सरस ठरेल ती राहील.

"आणि जुनी सरस ठरली तर?" मी विचारलं.

"तर नवी विकतो."

"शब्द?"

"शब्द. पण ठरवणार आई. तू तर आंधळी आहेस तिच्या बाबतीत."

सासूबाईंनी पंचाची जागा लगेच स्वीकारली. त्यांची परीक्षेची पद्धत मळ्यातली होती. फुलांसाठी नवा टेम्पो ठरवताना त्या ड्रायव्हरला काहीच विचारत नसत. शेवंतीची एक टोपली गाडीत ठेवायच्या आणि बाजारात पोचल्यावर टोपली बघायच्या. पाकळी गळली, देठ मोडला, की तो टेम्पो बाद. आता दोन टोपल्या. एक जुनीत त्यांच्या मांडीवर, एक नवीत शेजारच्या आसनावर. "पेठला बघू. फूल खोटं बोलत नाय," त्या म्हणाल्या.

दसऱ्याच्या सकाळी दोन्ही गाड्या अंगणात शेजारी शेजारी धुऊन उभ्या होत्या. सासूबाईंनी आदल्या दुपारी हार ओवले होते. मागच्या वर्षी सुती दोऱ्यातला हार पंचवटीच्या चौकात तुटून फुलं रस्त्यावर पडली होती आणि त्यांना ते लागलं होतं. म्हणून या वेळी त्यांनी शेजारच्या द्राक्षबागेतून नायलॉनची दोरी आणली. वेल तारेला बांधायला वापरतात ती. ती तुटत नाही.

त्यांनी पूजा नवीपासून सुरू केली. नवीला उघडायचे दिवे नव्हतेच. काचेला कुंकू, पाठोपाठ हार. त्याच लयीत त्या जुनीकडे वळल्या. मिटलेल्या झाकणांवर कुंकू लावलं, हार या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून दोरी डाव्या झाकणाच्या फटीतून ओवली आणि खाली गाठ मारली. मी तेव्हा आत बसले होते. बॉनेटच्या टोकाशी काय चाललंय ते आतून दिसत नव्हतं. मी दरवर्षीप्रमाणे बटण दाबलं.

झालं ते वर सांगितलं आहे.

नवऱ्याने बॉनेट उघडलं, कात्रीने दोरी कापली, मोटरवर हात ठेवला आणि झटक्यात काढला. "जळली."

सासूबाई तबक घेऊन तशाच उभ्या. "सुताची असती तर तुटली असती," त्या हळूच म्हणाल्या.

"आई, दोरीचं सोड. नवीला हा प्रकारच नाही. म्हणून तर बनवणाऱ्यांनी काढून टाकले असे दिवे."

"तू लय बोलू नको. तुझे पण डोळे तीन दिवस उशिरा उघडले होते."

नवऱ्याने डावा दिवा हाताने खाली दाबून बसवला आणि मोटरची वायर काढून ठेवली. परीक्षा पुढे ढकलायची का, असं त्याने विचारलं. मी नाही म्हणाले. पुण्याचे गृहस्थ थांबणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. जुनी पुढे, मी आणि सासूबाई, मांडीवर टोपली. मागे नवरा, त्याच्या शेजारी दुसरी टोपली पट्टा लावून बसवलेली. दोन्ही टप उघडे. पेठ रोडला लागलो. हवा स्वच्छ होती, थंड होती. रामशेजचा किल्ला उजव्या हाताला येऊन मागे गेला. रस्ता मोकळा झाला तशी मी गाडी सोडली. चौथा गिअर, मग पाचवा. कानाशी वारा, पायाशी इंजिनची ऊब. सासूबाईंनी पदराचं टोक दातात धरलं आणि टोपलीवर दोन्ही हात पसरले.

"पोरी, फुलं चालली!"

"कमी करू?"

"नको! जाऊ दे!"

आरशात रुपेरी गाडी शांतपणे मोठी होत गेली. एका सरळ पट्ट्यात नवऱ्याने भोंगा दिला आणि पुढे निघून गेला. त्याने गिअरही बदलला नसावा. सासूबाईंनी त्याच्या पाठीला उद्देशून एक शब्द वापरला. तो इथे देत नाही.

घाट सुरू झाला आणि अंतर मिटलं. वळणावळणाच्या चढावर नवीची ताकद कामाला येत होती, पण वळणात शिरताना जुनी हलकी होती. स्टिअरिंग जेवढं मागावं तेवढंच द्यायचं. दुसरा गिअर, वळण, तिसरा, पुन्हा दुसरा. मी त्याच्या मागच्या दिव्यांना चिकटून होते आणि ते सुटत नव्हते. सासूबाई प्रत्येक वळणाला त्याच बाजूला झुकत होत्या, बैलगाडीत झुकावं तशा.

माथ्याजवळ धुकं आलं. वळण घेतलं तेव्हा ऊन होतं, वळण संपलं तेव्हा समोर पांढरी भिंत. रुपेरी गाडी दिसेनाशी झाली. मी दिवे लावले. उजवा वर आला. डावा मिटलेलाच. समोरून एक ट्रक आला, अगदी जवळून, आणि ड्रायव्हर खिडकीतून ओरडत गेला, "फटफटी हाय का काय!"

एकाच दिव्यामुळे त्याला समोरून दुचाकी येतेय असं वाटलं होतं. मी गाडी डोंगराच्या बाजूला कच्च्यावर घेतली आणि थांबवली.

"काय करतेस?"

"डावा उघडते."

"मोटर जळली ना?"

"हातानेही उघडता येतो, आई. मोटरच्या वर एक गोल मूठ असते. ती फिरवायची."

मी बॉनेट उघडलं. मूठ सापडली, पण दोरीचा एक तुकडा अजून बिजागरीत होता आणि मूठ फिरेना. सासूबाई उतरल्या. टोपली आसनावर ठेवली, पदर कमरेला खोचला, केसातला आकडा काढला आणि त्या वाकून बिजागरीतून दोरी उकरू लागल्या. त्यांच्या तोंडून काही ना काही चालू होतं. "उघड बाई. माझ्यावर रुसू नको. माझीच दोरी होती. उघड." एक नारिंगी पाकळी बाहेर आली, मग दोरीचा तुकडा. मी मूठ फिरवत राहिले. झाकण जरा जरा करत वर आलं. दिव्याचा बल्ब शाबूत होता. दोन्ही दिव्यांचा उजेड धुक्यात पडला. सासूबाई समोर जाऊन उभ्या राहिल्या, दोन्ही काचांना बोट लावलं आणि ते बोट कपाळाला टेकवलं.

त्या टोपली मांडीवर घेऊन परत बसल्या, पण आत फुलांचं काय झालंय याकडे आमचं दोघींचंही लक्ष गेलं नाही.

पेठला बाजारपेठेच्या तोंडाशी नवरा चहाच्या टपरीजवळ उभा होता. चेहरा उतरलेला. "कुठे होतात? मी परत निघत होतो." भोवती माणसं जमली होती. नागलीचं पोतं घेऊन आलेला एक म्हातारा दोन्ही गाड्यांकडे आळीपाळीने बघत होता. त्याने सासूबाईंना विचारलं, "ह्या बहिनी हायेत का?"

"मायलेकी," सासूबाई म्हणाल्या.

"आईला टप नाय आन लेकीला बी नाय? पान्यात काय करता?"

"भिजतो," नवरा म्हणाला. सगळे हसले.

मग टोपल्या समोर ठेवल्या गेल्या. नवीतली टोपली मळ्यातून निघाली तशी होती. वरचं फूलसुद्धा जागचं हललं नव्हतं. आमच्या टोपलीतली वरची फुलं वाऱ्याने नुसते देठ उरलेली, मधली चुरगळलेली. सासूबाईंनी हात आत घालून तळातलं एक फूल काढलं, दोन बोटांत फिरवलं, परत ठेवलं.

"नवी," त्या म्हणाल्या.

निकाल बरोबर होता. नवीत खडखड नव्हती, वारा आत घुसत नव्हता, धुक्यात तिचे दिवे लागले होते. चहा आला. तो मी घेतला नाही. नवऱ्याने फुलांच्या दोन्ही टोपल्या टपरीवालीला देऊन टाकल्या. ती जुनीतली शेवंती हातात घेऊन म्हणाली, "वासाला हीच चांगली हाये."

निघताना नवऱ्याने माझ्यापुढे हात केला. "किल्ली दे. परत जाताना मी नेतो हिला. पुन्हा कधी चालवणार?"

मी किल्ली दिली. त्याने ती गाडी त्याआधी कित्येक महिने चालवली नव्हती. टप उघडा होता, त्यामुळे डोकं टेकायचा प्रश्न नव्हता. सासूबाई नवीत माझ्या शेजारी बसल्या, पट्टा ओढून बघितला आणि म्हणाल्या, "पलंग हाय पलंग."

धुकं विरलं होतं. लाल गाडी पुढे, आम्ही मागे. तोवर मी तिला रस्त्यावर धावताना बाहेरून कधी बघितलं नव्हतं. मी कायम आत असायची. आता ती समोर होती, दोन्ही दिवे अजून उघडे. एकदा खाली बसवलेला डावा पुन्हा वर येईल का, याची खात्री नव्हती, म्हणून ते तसेच ठेवले होते. उताराच्या वळणात तिची मागची बाजू जराशी बसायची आणि ती गोळीसारखी सुटायची. नवऱ्याचा एक हात दाराबाहेर होता. तो काहीतरी ओरडत होता, गात होता बहुतेक.

"बघा आई, कशी जातेय!"

"तू ह्या गाडीकडं बघ आधी."

मी बघितलं. एवढा वेळ मी नवी गाडी चालवत होते आणि ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पाय टेकवला. गाडीने नुसता दम घेतला आणि लाल गाडी आमच्या अंगावर आली. वळणात मी मुद्दाम उशिरा ब्रेक लावला. गाडी रुळावरून गेल्यासारखी गेली. पुढच्या वळणात आणखी उशिरा. सासूबाई हसत होत्या. मीही. रामशेज दिसेपर्यंत आम्ही तिला दोनदा गाठलं आणि दोनदा मुद्दाम सोडलं, म्हणजे पुन्हा गाठता येईल.

अंगणात दोन्ही गाड्या थांबल्या. नवरा उतरेना. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. केस उभे राहिलेले, तोंडावर धूळ.

"हिची मोटर मी उद्या काढतो," तो म्हणाला. "वर्कशॉपशेजारी रिवाइंडिंगवाला आहे, आतली तार नव्याने गुंडाळून देईल."

"पुण्याच्या माणसाला चालू करून द्यायची म्हणून?" मी विचारलं.

त्याने स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्याने पुसली.

"अहो, नवी काय गाडी आहे!" मी म्हणाले. "तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"महिनाभर सांगत होतो!"

"नवीच ठेवा. तुमचंच बरोबर होतं."

"नाही. हिला नाही विकायची. घाटात बघितलंस ना तू?"

सासूबाई नवीतून उतरल्या, दार लावलं आणि दोघांकडे बघितलं. "सकाळी उलटं भांडत होता. मी निकाल कुणासाठी दिला मग?"

"आई, तूच सांग आता. कोणती?"

"आज तिघं एका वेळी गाडीनं घराबाहेर गेलो," सासूबाई म्हणाल्या. "आठ वर्षात पहिल्यांदा. तू स्कूटरवरून धूळ खात नव्हतास." त्यांनी कमरेचा पदर सोडला आणि मळ्याच्या दिशेने निघाल्या. जाता जाता वळल्या. "शेडमधली क्रेटं हलवा. निम्मी शेड बेडकाला. निम्मी माझी. तेलाचा एक डाग फुलांवर पडला तर दोन्ही विकीन."

पुण्याचे गृहस्थ तिसऱ्या दिवशी आले. नवऱ्याने सकाळीच त्यांना फोन लावला होता, पण ते घरातून निघालेले होते. सासूबाईंनी त्यांना दारातच सांगितलं, "गाडी विकायची नाय. जेवून जा." ते जेवले. लाल गाडी शेडमध्ये जाऊन बघितली, आत बसले, एका बोटाच्या कडीने दार दोनतीनदा उघडून लावून बघितलं. विचार बदलला तर कळवा, म्हणाले. गाडी चालवत न्यायची म्हणून ते एसटीने आले होते. एसटीनेच परत गेले. स्टँडपर्यंत त्यांना मी नवीत सोडलं.

मोटर गुंडाळून आली. पुढच्या दसऱ्याला मी आधी जुनीचे दिवे उघडले. दोन्ही वर आले. मग सासूबाईंनी दोन्ही गाड्यांना हार घातले. दोरा सुती होता.